बहात्तर पायऱ्यांचं गाणं

३ मार्च, सोमवार

मार्च महिन्यात डायरी विकत आणणारा माणूस जगात एकच असेल आणि तो माझ्या वाट्याला आला. जानेवारी-फेब्रुवारीची पानं कोरीच राहणार, म्हटलं, तर हे म्हणाले, "राहू देत. दोन महिने तू गप्प होतीस असं समजू." मग स्वतःच्याच विनोदावर हसले आणि पुन्हा शब्दकोड्यात डोकं घातलं.

तर आता लिहितेच. आज आमची सोमवारची बैठक झाली. सोमवारी सलून बंद असतं. चार वाजता सलूनवाला शटर अर्धं वर करतो आणि आम्ही बारा-पंधरा जण वाकून आत शिरतो. आत चार फिरत्या खुर्च्या, भिंतभर आरसा, गिऱ्हाइकांसाठी लांबलचक बाकडं आणि पावडरीचा वास. प्लंबर डफ आणतो. चष्म्याच्या दुकानवाला मेंडोलिन आणतो. शाळेत कवायत शिकवणाऱ्या बाई काहीच आणत नाहीत, त्यांचा आवाजच पुरतो. आरशामुळे गाताना सगळ्यांना सगळ्यांची तोंडं दिसतात, त्यामुळे खोटं खोटं तोंड हलवायची सोय नाही.

नियम तीनच. माइक नाही. मोबाइलमध्ये बघून गायचं नाही. आणि गाणं कुणातरी माणसाच्या तोंडून शिकलेलं पाहिजे, अख्खं. ज्याची पाळी तो पहिल्या खुर्चीवर बसतो. गाणं रंगलं की सलूनवाला पायानं दांडा दाबून खुर्ची वर वर नेतो. नाही रंगलं तर हळूच खाली सोडतो. मागच्या महिन्यात चष्मेवाला गाता गाता इतका खाली आला, की आरशात त्याची नुसती टोपी दिसत होती.

मी गात नाही. मी वही लिहिते. तीन रकाने आहेत: गाणं, आणलं कुणी, मिळालं कुणाकडून. टपाल कचेरीत पस्तीस वर्षं काउंटरला बसले, रकान्याशिवाय मला चैन पडत नाही.

६ मार्च, गुरुवार

लिहिण्यासारखं काही नाही. हे नेहमीप्रमाणे गुरुवारचे फिरायला गेले आणि नेहमीप्रमाणे घामाघूम होऊन परतले. नदीकाठच्या सपाट रस्त्यावर ह्यांना एवढा दम कसा लागतो कोण जाणे. डॉक्टरांना दाखवा म्हटलं, तर म्हणाले, "व्यायाम होतो चांगला."

१७ मार्च, सोमवार

आज माझी फजिती झाली. बाकड्यावर वही घेऊन बसले होते, खुर्चीवर कुणी नव्हतं, आणि मी आपली नकळत गुणगुणत होते. सलूनवाल्याचे कान म्हणजे कान आहेत. म्हणाला, "बाई, हे काय? वहीत नाही हे."

आईचं गाणं होतं. आई शिवणकाम करायची. मशीन चालवताना ती हे एकच गाणं म्हणायची. सगळे मागेच लागले, तेव्हा म्हणून दाखवलं.

सुई गं बाई, निघालीस कोठे,
मागे दोऱ्याचे शेपूट मोठे…

सगळ्यांना फार आवडलं. प्लंबरनं लगेच डफावर ठेका धरला. त्याला सांगितलं, बाबा रे, प्रत्येक ओळीनंतर थांबायचं. चार मात्रा पूर्ण शांतता, मग पुढची ओळ. आई तसंच गायची. आधी कुणाला जमेना. कवायतीच्या बाई दर वेळी आधीच घुसायच्या. मग जमलं. पंधरा माणसं एकदम गप्प होतात आणि एकदम सुरू होतात, अंगावर काटा येतो. चष्मेवाला म्हणाला, "ह्या थांबण्यातच सगळं गाणं आहे." आईला किती जाण होती बघा.

पण तिसऱ्या कडव्याच्या शेवटी सगळे माझ्याकडे बघत राहिले.

सांडली सुई गं फरशीच्या फटीत,
दोरा हा बसला एकटा मुठीत.

"पुढे?" सलूनवाला म्हणाला. "सुई हरवली आणि संपलं? सापडत नाही?"

मला पुढचं येत नाही. साठ वर्षं हे गाणं डोक्यात आहे आणि सुई सापडली का, हा प्रश्न मला कधी पडला नाही. प्लंबर म्हणाला, "अर्धं गाणं खुर्चीवर चालत नाही. चौथं कडवं शोधा, मग बसवतो तुम्हाला वर."

ते एका माणसाला माहीत असणार. तिला विचारणं शक्य नाही.

१८ मार्च, मंगळवार

काल विषय टाळला, आज लिहून टाकते. ताईशी मी अकरा वर्षं बोललेले नाही. आमचा छत्तीसचा आकडा आहे आणि तो का आहे, हे ऐकून कुणीही हसेल.

आई गेल्यावर तिच्या वस्तू वाटून घेतल्या. भांडी झाली, कपडे झाले, मशीन उरलं. दोघींनाही तेच हवं होतं. ताई म्हणाली, "आईच्या शेवटच्या दिवसांत तू होतीस कुठे? काउंटरवर." ते मला लागलं. मग मी जे बोलले ते इथेसुद्धा लिहीत नाही. लिहिण्यासारखं नाही. शेवटी मशीन मी आणलं. ताईनं जाताना बॉबिनांचा आणि दोऱ्यांचा पत्र्याचा डबा उचलला. त्या डब्यातच मशीनची बॉबिन केस होती, खालच्या दोऱ्याची बॉबिन बसवायची वाटी. त्या जुन्या मशीनला दुसरी कुठली बसत नाही, मी तीन दुकानं पालथी घातली. म्हणजे अकरा वर्षं मशीन माझ्याकडे, केस तिच्याकडे आणि टाका कुणाच्यानंच पडत नाही.

मशीनवर सध्या ह्यांचे जुने पेपर असतात.

७ एप्रिल, सोमवार

सलूनवाल्यानं आज आरशावर साबणानं लिहिलं: "१२ मे, बैठकीचा वाढदिवस." आणि घोषणा केली, की वर्षभर नुसतं बसून ऐकणाऱ्यांनी त्या दिवशी खुर्चीवर बसायचं. असं वर्षभर बसलेलं माणूस एकच आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"मला नाही जमायचं," मी म्हणाले.

"मग वही दुसऱ्याला द्या," कवायतीच्या बाई म्हणाल्या.

वही! त्या गंमत करत होत्या हे मला कळतं, पण गमतीतसुद्धा असं बोलायचं असतं का? घरी येईपर्यंत धुसफुसत होते. ह्यांना सांगितलं. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "ताईला फोन कर की."

अकरा वर्षांत ह्यांनी पहिल्यांदा घरात ताईचं नाव काढलं. मी इतकी चकित झाले की भांडायचं राहून गेलं.

९ एप्रिल, बुधवार

केला फोन.

नंबर माझ्याकडे नव्हता. मी जुनी वही शोधत होते, तर ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि चष्मा न लावता दहाच्या दहा आकडे दाबले. आकड्यांच्या बाबतीत ह्यांची स्मरणशक्ती अफाट आहे. माझा वाढदिवस तेवढा राहत नाही.

मी ठरवलं होतं, कामापुरतं बोलायचं. ताईनं "हॅलो" म्हटलं. मी एका दमात सांगितलं: मी बोलतेय, आईचं सुईचं गाणं, तिसऱ्या कडव्यात सुई हरवते, चौथं आहे का?

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

मग म्हणाली, "चौथं?… आहे ना. आहे. पण असं एकदम नाही आठवायचं. तू पुढच्या बुधवारी कर."

मग तिच्या तक्रारी सुरू झाल्या. नवीन घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, गुडघा धरलाय, महिन्यातून एकदा खाली उतरते. मी हं हं करत होते. मध्येच म्हणाली, "डोळा कसा आहे तुझा? उजवा ना?" मागच्या वर्षी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ते हिला कुणी सांगितलं? बातम्या कुठून कुठून मिळतात एकेकाला.

चौथं कडवं आहे! आमच्या अख्ख्या घरात हे फक्त तिला माहीत. तशी ती लहानपणापासून सगळं आपल्यापाशी दाबून ठेवणारी.

१६ एप्रिल, बुधवार

बरोबर चारला फोन केला. एक ओळ मिळाली. एक! चार ओळींचं कडवं आणि बाईसाहेब एक ओळ देतात. "उरलेलं आठवेल तसं सांगते. तू पुढच्या बुधवारी कर."

बहात्तर पायऱ्या, गुडघा बोले…

मला जरा विचित्रच वाटली. आम्ही राहायचो ते घर बैठं. पायऱ्या दोन, त्यातली एक फुटकी. तसं तिला म्हटलं, तर म्हणाली, "अगं, जुन्या गाण्यांत काहीही येतं." तेही खरंच.

एका ओळीला फोन किती वेळ चालला माहीत आहे? पंचवीस मिनिटं. हे घड्याळ बघून म्हणाले, "ओळ लांब होती वाटतं."

२१ एप्रिल, सोमवार

बैठकीत ओळ वाचून दाखवली. चष्मेवाला म्हणाला, बहात्तर या आकड्याला जुन्या गाण्यांत नक्की काहीतरी अर्थ असणार. प्लंबर म्हणाला, बहात्तर पायऱ्या म्हणजे तीन मजले, पाण्याची पाइप टाकताना तो नेहमी मोजतो. सगळे हसले. त्याच्या डोक्यात सतत पाइप.

एक गोष्ट मात्र नवल आहे. ह्या ओळीनंतर कुठे थांबायचं, हे ताईनं सांगितलंच नाही. तिनं सरळ म्हणून टाकली. मी विचारलं, तर म्हणाली, "थांबायचं? कशाला?" मोठी बहीण असून तिला गाण्याची जाण बेताचीच.

२३ एप्रिल, बुधवार

दुसरी ओळ: खिडकीचे डोळे वाटेला ओले.

ही फार छान आहे. मी दोनदा म्हणवून घेतली. दुसऱ्यांदा ताईचा आवाज जरा बसला, सर्दी झाली असावी. मी काढा घे म्हटलं. ती म्हणाली, तुझ्या हातचा काढा प्यायला मी अजून एवढी आजारी नाही. मी हसले. मग ती हसली. मग आम्ही दोघी आमच्या शाळेच्या शिपायावरून हसलो, तो घंटा द्यायला विसरून झोपायचा. चाळीस मिनिटं.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मी रागावलेली आहे हे मध्ये कुठेतरी विसरलेच होते. उद्यापासून पुन्हा लक्षात ठेवायचं.

३० एप्रिल, बुधवार

तिसरी ओळ: उसवलं कुणी गं, उसवलं किती.

ह्या ओळीपाशी ती थांबली. मी म्हटलं, "बघ, आहे ना थांबा!"

हिशेब केला. पुढच्या बुधवारी चौथी ओळ मिळाली, की १२ तारखेच्या आत कडवं पूर्ण. मग फोन करायचं कारण उरणार नाही. सुटले एकदाची.

२ मे, शुक्रवार

आज शुक्रवार असून फोन केला. काम काहीच नव्हतं. मशीनवरचे पेपर काढून ते पुसत होते, पायडलमध्ये बाहुलीचं एक जुनं बटण अडकलेलं सापडलं. निळं. कुठल्या बाहुलीचं ते ताईलाच सांगता येणार, म्हणून केला. दुसऱ्या कुणाला विचारणार?

तिनं पहिली घंटा वाजताच उचलला. म्हणाली, "आज कसा काय? बुधवार कुठे आहे!" मग बटणावरून तासभर.

मी ओळ मागितली नाही, तिनं दिली नाही. मला स्वतःचाच थोडा राग आला, पण फारसा नाही.

७ मे, बुधवार

मिळाली.

सुई तुझ्यापाशी, दोरा माझ्या हाती.

म्हणजे सुई सापडते! दुसऱ्या कुणाला तरी सापडलेली असते. सलूनवाल्याला सांगायलाच हवं.

मी वहीत लिहून घेतलं. तिसऱ्या रकान्यात "आईकडून" लिहिलं. मग धीर करून म्हटलं, "सोमवारी मी हे गाणार आहे, सलूनमध्ये. तू ये."

"मी कशी उतरू गं तीन मजले? तू ये ना इकडे."

मी ताठ झाले. "मी कशाला? डबा तू नेलास. पहिलं पाऊल तू टाकायचंस."

"मशीन तू नेलंस."

"तू मला काय बोललीस ते आठवतंय का?"

"आणि तू?"

फोन कुणी आधी ठेवला ते सांगता येत नाही. बहुतेक दोघींनी एकदम. आम्ही बहिणी आहोत.

हे नुसते बघत होते. त्यांना म्हटलं, "काय बघताय?" तर म्हणाले, "आडवे शब्द, पाच अक्षरी, हट्टी माणूस," आणि कोडं उघडून बसले.

११ मे, रविवार

चार दिवस फोन नाही. माझं डोकं म्हणतं, कडवं मिळालं, संपला विषय. पण काल चहा करताना मी तिच्यासाठी कप काढला. ती इथे कधी चहाला आलेलीच नाही आणि मी कप काढला.

खरं सांगायचं तर मला तिची फार आठवण येते. चार दिवसांची नाही, अकरा वर्षांची येते. लिहिलं एकदाचं. उद्या गायचं आहे आणि मला घाम फुटलाय. न गाताही वही माझीच राहील, ते सगळे तेवढे चांगले आहेत. पण ताईनं खिडकीत बसून माझी वाट बघायची आणि मी इकडे तिचंच गाणं म्हणायचं, हे काही बरोबर नाही.

(खिडकीत बसून वाट बघते, हे मला कुठून सुचलं कोण जाणे. डोक्यात गाणंच फिरतंय.)

१२ मे, सोमवार

सगळं नीट क्रमानं लिहिते.

चार वाजता सलून गच्च भरलं होतं. सलूनवाल्यानं चारही खुर्च्या चकाचक पुसल्या होत्या. मी पहिल्या खुर्चीवर बसले. पाय जमिनीला टेकेनात. तीन कडवी नीट झाली, सगळे जिथल्या तिथे थांबले आणि खुर्ची वर वर चालली. चौथं कडवं सुरू केलं. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. आणि "सुई तुझ्यापाशी" म्हणून मी गप्प.

सगळ्यांना वाटलं थांबा आहे. चार मात्रा झाल्या. आठ झाल्या. प्लंबरनं डफ खाली ठेवला.

मी म्हटलं, "हे एकटीनं म्हणायचं गाणं नाही. 'तुझ्यापाशी' मी म्हणायचं कुणाला? समोर आरसा आहे."

मग सलूनवाल्यानं खुर्ची खाली घेतली, कोपऱ्यातली फळी उचलली आणि काखेत मारली. लहान मुलांचे केस कापताना खुर्चीच्या हातांवर आडवी ठेवतो ना, ती फळी. म्हणाला, "खुर्ची न्यायला जड आहे. ही चालेल. कुठे राहते तुमची ताई?"

"पुलापलीकडे कुठेतरी. मला घर माहीत नाही."

वाकून शटरबाहेर आलो, तर हे उभे! बुटांच्या नाड्या बांधून, तयार. बैठकीला कधी फिरकत नाहीत आणि आज नेमके हजर. म्हणाले, "पुलापलीकडे ना? चला, विचारत विचारत जाऊ." आणि कुणालाही काही न विचारता डावीकडे, उजवीकडे, डावीकडे करत सरळ एका तीन मजली घरासमोर नेऊन उभं केलं. वीस मिनिटं लागली. अकरा वर्षांत आमच्या दोघींच्या मध्ये हे एवढंच अंतर होतं, वीस मिनिटं पायी.

जिन्यापाशी माझे पाय अडले. वर जाऊन दार वाजवायचं आणि म्हणायचं काय?

"दार वाजवायचं नसेल तर गात चढ," हे म्हणाले.

जिना अरुंद आणि उंच. प्लंबरनं डफावर एकच थाप मारली आणि ती वरपर्यंत गेली. "आईशप्पथ," तो म्हणाला, "इथे माइकची गरजच नाही." आणि आम्ही सुरू केलं. पुढे मी, मागे बारा माणसं, प्रत्येक ओळीला चार पायऱ्या. ओळ संपली की सगळे एक पाय वर, एक पाय खाली, थांबलेले. पहिल्या मजल्यावरची दारं उघडली. एक आजोबा बनियनवर बाहेर आले आणि तसेच उभे राहून ताल धरायला लागले.

दुसऱ्या कडव्यात आम्ही असेच थांबलो होतो, संपूर्ण शांतता होती, आणि वरून आवाज आला:

"अगं, पण तिथे थांबताय कशाला सगळे?"

ताई. कठड्यावरून वाकलेली. केस पांढरेशुभ्र झालेत तिचे.

मी खालून ओरडले, "आई थांबायची!"

"आई थांबायची कारण ती दातानं दोरा तोडायची! तोंडात दोरा असताना गाणार कशी बाई?"

आधी कवायतीच्या बाई हसल्या, आणि त्या हसल्या की खिडक्यांची तावदानं वाजतात. चष्मेवाला पायरीवरच बसला. दोन महिने तो आम्हाला त्या थांब्याचा गूढ अर्थ समजावत होता! डोळे पुसत म्हणाला, "काही असो, आता आम्ही थांबणारच. सवय झालीये."

"मग थांबा मेल्यांनो," ताई म्हणाली, आणि कठड्याला धरून एक पाय खाली टाकला.

"ताई, उतरू नकोस, मी येते," मी म्हटलं.

"तू चढ. मीही उतरते. गाणं नको थांबवू."

तिसरं कडवं असं झालं. मी एकेक पायरी वर, ती एकेक पायरी खाली, तोंडात दोघींच्या तेच शब्द. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर आम्ही समोरासमोर आलो. सलूनवाल्यानं पटकन दोन पायऱ्यांच्या कोपऱ्यात फळी टेकवली. दोघी तिच्यावर बसलो, एकीचा अर्धा भाग हवेत. चौथं कडवं आम्ही दोघींनीच म्हटलं. तिच्या काखेतलं काहीतरी मला टोचत होतं. "सुई तुझ्यापाशी" ती म्हणाली, "दोरा माझ्या हाती" म्हणताना तिनं ते काढून माझ्या मांडीवर ठेवलं. पत्र्याचा डबा. आत बॉबिना वाजल्या.

मला रडू आलं. ती तर आधीपासून रडत होती.

सलूनवाला खाली उभा राहून म्हणाला, "आजवर इतक्या वर मी कुणाला बसवलं नव्हतं."

टाळ्या थांबेनात. मी ताईच्या कानात म्हटलं, "तेव्हा मी जे बोलले ना तुला—"

"काय बोललीस? मला काही आठवत नाही."

साठ वर्षांपूर्वीचं गाणं ओळीनं आठवतं आणि एवढं आठवत नाही म्हणे!

मग सगळे वर तिच्याकडे चहाला. कप पुरेनात, पाळीपाळीनं प्यालो. शेजारीण डोकावली आणि ह्यांना म्हणाली, "आज सोमवारचे कसे?" बाई वाराचा घोळ घालतात, वय झालंय. ह्यांना चहात साखर नको असते, ती ताईनं न विचारताच घातली नाही. काही माणसांना बघूनच कळतं.

जाताना ताई दारात म्हणाली, "आणि हो, पाचवं कडवंही आहे."

"पाचवं? एकूण किती आहेत?"

"आठवावं लागेल. एकेक ओळ आठवते मला. तू बुधवारी फोन कर."

उतरताना मी पायऱ्या मोजल्या. पार खालपर्यंत.

१३ मे, मंगळवार

सकाळी मशीनला तेल दिलं, केस बसवली, बॉबिन घातली. अकरा वर्षांनी पहिला टाका पडला. ह्यांच्या पायजम्याची नाडीपट्टी शिवली, वाकडी. दोरा दातानंच तोडला. गात होते, थांबावं लागलं.

मग वही काढली. पस्तीस वर्षं काउंटरच्या जाळीतून माणसांची तोंडं बघितली आहेत मी. मला काहीच कळत नाही, असा गैरसमज कुणी करून घेऊ नये. चौथ्या कडव्यासमोर तिसऱ्या रकान्यात "आईकडून" लिहिलं होतं, त्यावर रेघ मारली आणि "ताईकडून" लिहिलं.

खाली पुढच्या कडव्यांसाठी दोन पानं कोरी सोडली. नंतर विचार केला आणि राहिलेली वही सगळीच सोडली. सलूनवाल्याला नवीन वही आणायला सांगते.

उद्या बुधवार.